गाडी उलटली, चूक कुणाची?

मंडळी, बाजाराच्या दिवशी सांजावता गावाकडे परतणारी बैलगाडी आणि मागून भरधाव येणारा मालट्रक यांची गाठ पडली की काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. गाडी उलटते, बैल जायबंदी होतो, गाडीवानाचा पाय मोडतो. पाच मिनिटांत पन्नास माणसे गोळा होतात. आणि कुणी त्या गाडीवानाला घोटभर पाणी पाजण्याआधीच एक प्रश्न उठतो: चूक कुणाची? एक म्हणतो, ट्रकवाल्याचीच. दुसरा म्हणतो, अहो, पण गाडीला मागं कंदील कुठं होता? तिसरा म्हणतो, बैल बुजला, त्याला कोण काय करणार? मग फौजदार येतात, पंचनामा होतो, जबाब होतात आणि तोच प्रश्न कागदावर चढतो. पुढे तो वकिलाच्या बैठकीत जातो, विमा कंपनीच्या कचेरीत जातो, कोर्टात जातो. गाडीवान मात्र खाटेवर पडलेला असतो, आणि पेरणी काही त्याच्यासाठी थांबत नाही.

आज मला या एका प्रश्नाचाच इतिहास तुम्हाला सांगायचा आहे. तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? चूक कुणाची हे आधी ठरवावे, ज्याची चूक त्याने भरपाई द्यावी, इतका सरळ न्याय आहे. मलाही बरेच दिवस तसेच वाटत असे. पण गेल्या पावणेदोनशे वर्षांत निरनिराळ्या देशांतील शहाण्या माणसांनी या सरळ न्यायाकडे पाहून मान हलवली आहे, आणि काहींनी तर हा प्रश्न विचारायचाच नाही असे ठरवून कायदे केले आहेत. ते का, हे पाहण्यासारखे आहे.

त्याआधी विम्याची एक गोष्ट समजून घेऊ. आयुष्याचा विमा, घराचा विमा, पिकाचा विमा हे आपल्या ओळखीचे. पण मोटारी आणि ट्रक यांच्या कागदात 'थर्ड पार्टी' म्हणून जो विमा असतो, तो निराळ्या जातीचा आहे. त्याला दायित्वाचा विमा म्हणतात. माझ्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले आणि ते भरून देणे कायद्याने माझ्या अंगावर आले, तर माझ्या वतीने ते कंपनीने द्यावे, असा हा करार. आता यात तीन माणसे आली. पहिला गाडीचा मालक, दुसरी कंपनी, आणि तिसरा तो, ज्याला धडक बसली. हप्ता भरला मालकाने, करार मालकाशी, आणि पैसे हवेत त्या तिसऱ्याला, ज्याचे तोंडही कंपनीने कधी पाहिलेले नाही. आयुर्विम्याचे पैसे मागायला येणारी विधवा ही कंपनीच्या गिऱ्हाइकाची बायको असते. इथे येणारी विधवा ही गिऱ्हाइकाच्या विरुद्ध पक्षाची असते. कंपनीतली माणसे काही दुष्ट नसतात. पण व्यवस्थाच अशी, की आलेला दावा आधी नाकारायचा, मग पुरावा मागायचा, मग तारखांवर तारखा पडू द्यायच्या, आणि माणूस थकला की थोडक्यात तडजोड करायची, हाच रिवाज पडून गेला. या रिवाजाला हत्यार पुरवले ते आपल्या 'चूक कुणाची' या प्रश्नाने. चूक शाबीत होईपर्यंत देणेच लागू होत नाही ना!

आता मागे जाऊ. १८३५ साल. इंग्लंडात थॉमस फाउलर नावाच्या खाटकाकडे चार्ल्स प्रिस्टली नावाचा पोरगा कामाला होता. मालकाने मांस पोचवायला गाडीतून पाठवले. गाडीत माल फार भरला होता. ती वाटेत मोडली आणि पोराची मांडी मोडली. खटला १८३६ साली लिंकन गावच्या न्यायालयात उभा राहिला, आणि ज्यूरीने पोराला शंभर पौंड देवविले. मालक वरच्या कोर्टात गेला. १८३७ साली लॉर्ड ॲबिंजर यांनी निकाल फिरवला. त्यांचे म्हणणे साधारण असे, की अशा बाबतीत मालकाला जबाबदार धरू लागलो तर त्याला अंतच राहणार नाही. नोकर म्हणतील, स्वयंपाकिणीने भांडी नीट घासली नाहीत म्हणून मी आजारी पडलो, द्या भरपाई! शिवाय गाडी धोक्याची आहे हे पोराला मालकाइतकेच कळायला हवे होते. त्याने जायला नकार द्यायचा होता.

मालकाला नकार द्यायचा होता! शेतावर सालाने राबणाऱ्या गड्याला हे वाक्य ऐकवून पाहा, तो हसेल की रडेल हे मी सांगू शकत नाही.

पण या निकालावर पुढे मोठी इमारत उभी राहिली. सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक देणे लागत नाही, असा नियमच झाला. खाणीत दोरखंड सोडणारा चुकला आणि पाळणा कोसळला, रेल्वेत सांधेवाल्याने सांधा चुकीचा टाकला, तरी मेलेल्याच्या बायकोला उत्तर एकच: चूक मालकाची नाही, तुमच्याच भाईबंदाची आहे. हा नियम थोडा सैल करायला १८८० साल उजाडले. त्या साली इंग्लंडात मालकांच्या जबाबदारीचा कायदा झाला, आणि त्याच साली लंडनला मालकांची ही जबाबदारी अंगावर घेणारी एक विमा कंपनीही निघाली. कायदा आणि विमा एकाच वर्षी जन्मले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

जर्मनीने मात्र यातली मेख फार लवकर ओळखली, कारण तिथे हा प्रयोग अगोदर होऊन फसला होता. १८७१ सालच्या कायद्याने रेल्वे कंपन्यांवर कडक जबाबदारी टाकली, पण कारखाने आणि खाणी यांच्या बाबतीत वरिष्ठांची चूक मजुराने शाबीत करायची असे ठेवले. मालकांनी आपली जबाबदारी खासगी कंपन्यांकडे उतरवली आणि कंपन्या दावे लढवू लागल्या. आता विचार करा, मजुराने चूक शाबीत कशी करायची? साक्षीदार कोण? एक तर तो मुकादम, ज्याच्यावर चुकीचा ठपका यायचा. नाहीतर शेजारच्या यंत्रावरचा सोबती, ज्याला उद्या त्याच मालकाकडे कामाला जायचे आहे. स्फोटात सगळेच मेले असतील तर तेही नाही. मजूर हरत, आणि हरले की कारखान्यात द्वेष धुमसत राही. मालकाने विमा उतरवला तो शांततेसाठी, आणि पदरात पडला कलह.

बिस्मार्क हा काही मजुरांचा कैवारी नव्हता. समाजवाद्यांवर बंदी घालणारा तो गृहस्थ! मजूर त्यांच्या नादी लागू नयेत हा त्याचा हेतू उघड होता. पण हेतू काहीही असो, ६ जुलै १८८४ च्या कायद्याने जे केले ते नवे होते. कामावर इजा झाली का, एवढेच विचारायचे. चूक मालकाची, मुकादमाची की मजुराच्या स्वतःच्या गाफीलपणाची, हे विचारायचेच नाही. पहिले तेरा आठवडे आजारपणाच्या निधीतून मदत मिळायची आणि त्यानंतर, माणूस पुरता निकामी झाला असेल तर, मजुरीच्या दोनतृतीयांश इतके वेतन. पैसे भरायचे मालकांनी, पण खासगी कंपनीकडे नव्हे. एका धंद्यातल्या सर्व मालकांनी मिळून केलेल्या संघाकडे. बदल्यात मजुराने मालकावर दावा लावण्याचा हक्क सोडायचा.

इथे कुणी शिक्षकमित्र हात वर करतील: चूक विचारायचीच नाही म्हटल्यावर काळजी कोण घेईल? प्रश्न रास्त आहे. जर्मनांनी त्याचे उत्तर हप्त्यात ठेवले. ज्या धंद्यात धोका जास्त, त्याचा हप्ता जास्त. शिवाय अपघात टाळण्याचे नियम करण्याचा आणि ते पाळले जातात की नाही हे पाहायला तपासनीस पाठवण्याचा अधिकार त्या संघांना दिला. एकाच्या निष्काळजीपणाचा भार सगळ्या मालकांवर पडू लागला, तेव्हा मालकच एकमेकांवर नजर ठेवू लागले. कोर्टात दहा वर्षांनी सिद्ध होणाऱ्या चुकीपेक्षा ही नजर मला तरी अधिक उपयोगाची वाटते.

इंग्लंडने १८९७ साली अर्धे पाऊल टाकले. जोसेफ चेंबरलेन यांच्या खटपटीने जो कायदा झाला, त्यात कामावर इजा झाली तर मालकाची चूक असो-नसो, अर्धी मजुरी, आठवड्याला जास्तीत जास्त एक पौंड, द्यायची असे ठरले. पण विमा खासगी कंपन्यांकडेच राहिला आणि तंटा कोर्टात. कंपनीचा माणूस मजुराच्या घरी जाऊन एकरकमी थोडे पैसे पुढे करी आणि सही घेई. गरजेपोटी माणूस सही करी. या पद्धतीवर पुढे विल्यम बेव्हरिज यांनी १९४२ च्या आपल्या प्रसिद्ध अहवालात कडक टीका केली, आणि १९४८ साली ती व्यवस्था मोडून सरकारी विमा आला.

आपल्याकडे हे अर्धे पाऊल आले १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा कोकणातून, घाटावरून आलेली हजारो माणसे राबत होती, आणि केंद्रीय विधिमंडळात कामगारांची बाजू मांडायला सर्वंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे ना. म. जोशी होते. या कायद्यातले एक कलम मला फार आवडते. कामगार मेला तर भरपाईची रक्कम मालकाने परस्पर त्याच्या बायकोच्या हातात द्यायची नाही. ती आयुक्तांकडे जमा करायची, आणि त्यांनी ती वारसांत वाटायची. तसेच मालक-मजुरांत तडजोड झाली तर तिची नोंद आयुक्तांकडे व्हायची, आणि रक्कम अपुरी आहे किंवा फसवून सही घेतली आहे असे दिसले तर त्यांनी ती नोंदवायला नकार द्यायचा. म्हणजे कायदा करणाऱ्यांना माहीत होते, की खरा धोका कोर्टात हरण्याचा नसून घराच्या ओसरीवर अंगठा उठवून घेतला जाण्याचा आहे. शेतमजुरांना मात्र या कायद्याने फारसे काही दिले नाही. ट्रॅक्टरवर किंवा यंत्रावर काम करणाऱ्यापुरते शेताचे नाव त्यात पुढे आले. विळ्याने बोट तुटले तर ते तुमचे नशीब!

आता मोटारीकडे वळू, कारण आपल्या गाडीवानाचा प्रश्न तिथे आहे. मोटारवाल्यांनी तिसऱ्या माणसासाठी विमा उतरवलाच पाहिजे, ही सक्ती न्यूझीलंडने १९२८ साली केली, इंग्लंडने १९३० साली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ती आली, आणि ते प्रकरण प्रत्यक्षात अमलात आले १ जुलै १९४६ ला. दोन वर्षांनी, १ जून १९४८ ला, पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान पहिली एस. टी. धावली. रस्त्यांवर वाहने वाढली तसे अपघातही वाढले. पण भरपाई मागायची तर दिवाणी कोर्टात दावा, आणि जितकी मागणी मोठी तितका स्टँप मोठा. घरातला कर्ता गेलेल्या बाईने स्टँपचे पैसे आणायचे कुठून? म्हणून १९५६ च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी खास न्यायाधिकरणे नेमण्याची सोय झाली. सोय झाली खरी, पण मुदत ठेवली साठ दिवसांची. साठ दिवसांत तर घरातले सुतकही मनातून जात नाही! ती सहा महिन्यांची व्हायला १९६९ साल उजाडले.

आणि मूळ प्रश्न तसाच होता. मुंबईतल्या एका अपघाताच्या खटल्यात हायकोर्टाने असे मत दिले, की विमा सक्तीचा केला त्याअर्थी चूक शाबीत न होताही मालक आणि कंपनी देणे लागतात. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मत मोडून काढले. विमा सक्तीचा आहे तो दायित्वाचा. दायित्व निर्माण होते निष्काळजीपणातून. तेव्हा निष्काळजीपणा शाबीत झालाच पाहिजे. कायद्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध होते. रात्रीच्या वेळी निर्जन रस्त्यावर ट्रकखाली सापडलेल्या माणसाच्या बायकोने साक्षीदार कुठून आणायचा, हे तर्कात बसत नव्हते.

नेमक्या याच काळात पृथ्वीच्या पाठीवर आपल्यापासून फार दूर, न्यूझीलंडात, या प्रश्नाचा मुळापासून निकाल लावला गेला होता. तिकडे थोडे थांबू या.

न्यूझीलंड देश लहान. मेंढपाळी, दूधदुभते, लाकूडतोड, खाणी. मोटारींचा सक्तीचा विमा आपल्या आधी अठरा वर्षे अमलात आणण्याची तयारी करणारा हाच देश. १९६६ साली तिथल्या सरकारने कामगारांच्या भरपाईचा विचार करायला तिघांचा एक आयोग नेमला. अध्यक्ष होते न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस. महायुद्धात नौदलात काम केलेला, पुढे वकील आणि मग न्यायाधीश झालेला हा माणूस. आयोगाला काम दिले होते कामगारांपुरते. पण वुडहाउस यांनी विचारले, की पाय मोडला तो कामावर मोडला की घरी येताना, घराच्या पायरीवरून घसरून की खेळाच्या मैदानावर, याने पायाच्या दुखण्यात काय फरक पडतो? कामावर मोडला तर एक कायदा, रस्त्यावर मोडला तर दुसरा, आणि शिडीवरून पडून घरी मोडला तर काहीच नाही. रस्त्यावरच्या दोघांपैकी एकाला साक्षीदार मिळाला म्हणून त्याला मोठी रक्कम, दुसऱ्याला मिळाला नाही म्हणून शून्य. त्यांनी या सगळ्याला सोडतीची उपमा दिली.

डिसेंबर १९६७ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाने दाखवून दिले, की दायित्वाच्या विम्यात येणाऱ्या पैशांचा मोठा वाटा जखमी माणसापर्यंत पोचतच नाही. तो चूक कुणाची हे ठरवण्यातच खर्च होतो. वकील, तपासनीस, कोर्ट, कंपनीचा कारभार, सगळे त्या एका प्रश्नावर जगतात. आणि वर्षानुवर्षे दावा चालू असताना माणसाने बरे होऊ नये अशीच जणू व्यवस्था. कारण बरा झाला तर भरपाई कमी! वुडहाउस यांनी क्रम उलटा सांगितला. आधी अपघात टाळणे, मग माणसाला पुन्हा उभे करणे, आणि पैसे त्यानंतर. कर आणि हप्ते सगळा समाज भरतो, धोक्याची कामे समाजासाठीच चालतात, तर इजेचा भार समाजाने उचलावा.

वकिलांनी विरोध केला, विमा कंपन्यांनी केला, आणि काही कामगार संघटनांनाही दाव्याचा हक्क सोडणे जड गेले. तरीही १९७२ साली कायदा झाला. तो केवळ कमावणारे आणि मोटार अपघात यांच्यापुरता होता. नंतर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने त्यात गृहिणी, मुले, म्हातारे आणि पाहुणे म्हणून आलेले परदेशीदेखील घातले. १ एप्रिल १९७४ ला तो लागू झाला. त्या दिवसापासून त्या देशात अपघाती इजेबद्दल दुसऱ्यावर भरपाईचा दावा लावण्याचा हक्क जवळजवळ संपला, आणि इजा झालेल्या माणसाला उपचार आणि कमाईच्या ऐंशी टक्के इतके वेतन, चूक न विचारता, मिळू लागले. ज्याने गुन्हा केला त्याच्यावर फौजदारी खटला होतोच. पण शिक्षेचा हिशेब वेगळा आणि जखमेचा हिशेब वेगळा.

मंडळी, हे ऐकून तिथे रामराज्य आले असे समजू नका. खर्च वाढला, मालक कुरकुरू लागले, आणि १९९२ च्या कायद्याने एकरकमी मोबदला बंदच झाला. तो दुसऱ्या रूपात परत यायला २००२ साल लागले. त्याहून मोठी उणीव ही, की योजना अपघातापुरती. झाडावरून पडून लुळा झालेल्याला वेतन मिळते, आणि पक्षाघाताने लुळा झालेल्याला ते मिळत नाही. दोघे एकाच दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर असले तरी! वुडहाउस यांना हे खटकत होते. पुढे तिथल्या विधी आयोगाचे अध्यक्ष असताना १९८८ साली त्यांनी आजारही यात घ्या अशी शिफारस केली. ती मानली गेली नाही. ते २०१४ साली वारले.

आता पुन्हा आपल्याकडे. १९७७ च्या निकालानंतर सर्वोच्च न्यायालयातलेच न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७९ साली, चूक न विचारता भरपाई देण्याच्या दिशेने कायद्याने जावे असे निकालपत्रांतून बजावले. १९८० साली विधी आयोगानेही तेच सांगितले. आणि १९८२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात प्रथमच ती गोष्ट आली: मृत्यूला पंधरा हजार, कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार, कुणाची चूक हे न विचारता. रक्कम लहान होती, पण मोठ्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत घरात चूल पेटावी म्हणून दिलेली ती उचल होती. १९८८ च्या नव्या कायद्याने मृत्यूचे पंचवीस हजार केले. १९९४ साली पन्नास हजार झाले. आणि मग? मग ते पन्नास हजारच राहिले. १९९४ साली पन्नास हजारांत बैलजोडी येऊन वर काही उरत असे. २०२० साली त्यात काय आले असते, ते तुम्हीच सांगा. रक्कम कायद्यात आकड्याने लिहायची आणि महागाईकडे पाहायचे नाही, म्हणजे दिलेला हक्क हळूहळू काढून घेणेच.

१९९४ साली आणखी एक सोय झाली. वय आणि कमाई पाहून भरपाई काढायचा एक तक्ता कायद्याला जोडला गेला. वर्षाला चाळीस हजारांपर्यंत कमावणाऱ्याच्या घरच्यांनी चूक शाबीत न करता त्याप्रमाणे मागणी करावी. कल्पना चांगली. पण त्या तक्त्यात जी बाई बाहेर कमावत नाही तिची किंमत नवऱ्याच्या कमाईच्या एकतृतीयांश धरली होती. पहाटे उठून पाणी भरणारी, शेण काढणारी, निंदणी-खुरपणी करून पुन्हा चुलीपुढे बसणारी बाई, आणि नवरा शंभर कमावत असेल तर तिचे तेहतीस! सर्वोच्च न्यायालयाने २०१० आणि २०२१ च्या निकालांत गृहिणीच्या श्रमाचे मोल नीट धरले पाहिजे असे ठामपणे म्हटले, ते बरे झाले.

त्याच १९९४ च्या दुरुस्तीने दावा आपल्या राहत्या जिल्ह्यात लावण्याची मुभाही दिली. अपघात झाला परराज्यात, म्हणून विधवेने तिकडे खेपा घालायच्या, हे थांबले. आणि १९९० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने अशी सूचना दिली, की निरक्षर वारसांची रक्कम सगळी हातात न देता मुदतीच्या ठेवीत ठेवावी. १९२३ च्या कायद्यातली ओसरीवरच्या अंगठ्याची भीती पाऊणशे वर्षांनीही गेलेली नव्हती.

२०१९ साली कायद्यात जी मोठी दुरुस्ती झाली, तिचा या विषयाचा भाग १ एप्रिल २०२२ पासून अमलात आला. तिने त्या जुन्या रिवाजालाच हात घातला आहे. अपघाताची वर्दी मिळाली की विमा कंपनीने दाव्यासाठी एक अधिकारी नेमायचा, आणि त्याने तीस दिवसांत आपली देकार-रक्कम न्यायाधिकरणापुढे मांडायची. वाट पाहायची नाही, वारसाला नमवायचे नाही. कंपनीने स्वतः पुढे यायचे. वारसाने रक्कम मान्य केली तर तशी नोंद न्यायाधिकरणापुढे होते आणि पुढच्या तीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. चूक न विचारता मिळायची रक्कम आता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख आहे. धडक देऊन पळून गेलेल्या, न सापडलेल्या वाहनासाठी वेगळी योजना आहे. तिच्यात मृत्यूला दोन लाख आणि गंभीर इजेला पन्नास हजार मिळतात. मात्र दाव्याची मुदत पुन्हा सहा महिन्यांची केली आहे, तेवढे गावात सर्वांना माहीत असू द्या.

पण यात एक अवघड वळण आहे. ते पाच लाख त्या वाटेने घेतले, की मोठ्या भरपाईचा दावा संपतो. मोठी भरपाई हवी तर पुन्हा तेच: पंचनामा, साक्षीदार, मागचा कंदील, बुजलेला बैल. तिशीतला, चांगला कमावता माणूस गेला असेल तर हिशेबाने मिळणारी रक्कम पाच लाखांच्या कितीतरी पट होऊ शकते. ती मिळायला किती वर्षे लागतील आणि चूक शाबीत होईल की नाही, हे कुणी आधी सांगू शकत नाही. घरात दोन लहान मुले, सावकाराचे देणे, दवाखान्याचे बिल, आणि पुढ्यात कंपनीचा कागद. अशा वेळी ती बाई वकिलाकडे जाण्याआधी बहुतेक शाळेच्या ओसरीवर येते, पदराआडून कागद काढते आणि विचारते, "गुरुजी, ह्याच्यावर सही करू का नको?"